तुडवणी बाकी आहे

माझा खेळ तीन वर्षं 'जवळजवळ झालाच' होता. कोणी विचारलं की मी हेच सांगायचो. विचारणारं माणूस तसं एकच होतं, माझी बायको. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, त्यामुळे 'जवळजवळ झालाच' हे वाक्य ती रोज सकाळी गृहपाठाच्या बाबतीत ऐकून आलेली असते. ती काही बोलायची नाही, नुसती मान हलवायची, आणि त्या मान हलवण्याचा मला फार राग यायचा.

खेळ म्हणजे कॉम्प्युटरवरचा खेळ. मी उरणजवळ एका कंटेनर यार्डाच्या गेटवर नोकरी करतो. ट्रेलर आला की कंटेनरचा नंबर बघायचा, तो कॉम्प्युटरवर चढवायचा, ड्रायव्हरला चिठ्ठी द्यायची आणि फाटकाचा दांडा वर करायचा. दिवसभर हे करून पन्नाशीकडे झुकलेल्या माणसाने घरी परत स्क्रीनसमोर बसावं, आणि बसून बनवावं काय, तर मीठ पिकवायचा खेळ! ना त्यात बंदूक, ना गाडी, ना राक्षस. नात्यातल्या कोणाला सांगायचीसुद्धा सोय नव्हती. मी सकाळची शिफ्ट करून दुपारी घरी यायचो आणि 'जरा ऑफिसचं काम आहे' म्हणून बसायचो. आमच्याकडे ऑफिसचं काम म्हटलं की टीव्हीचा आवाजही कमी होतो.

खेळात तुम्हाला एक आगर मिळतं. आमच्याकडे मिठागराला आगरच म्हणतात. खाडीच्या कडेला बांध, बांधात एक उघाडी, म्हणजे पाणी आत घ्यायचं लाकडी दार, आणि आत एकाला एक लागून मातीचे वाफे. उधाणाला उघाडी वर करून खाडीचं पाणी आत घ्यायचं, या वाफ्यातून त्या वाफ्यात फिरवत न्यायचं, उन्हात आटवायचं, आणि शेवटच्या वाफ्यात मीठ धरलं की फळीने ओढून बांधावर रास घालायची. बस्स, एवढाच खेळ. घाई केलीत तर मीठ हाती लागत नाही, आळस केलात तर अवकाळी पाऊस येऊन सगळं विरघळवून जातो.

यातल्या एका गोष्टीचा मला अभिमान होता, अजूनही आहे. भरतीची वेळ. आमच्या किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांना भरतीचं गणित तोंडपाठ असतं. जी तिथी असेल तिची पाऊणपट करायची, तितक्या वाजता भरती पुरी. बीजेला दीड, अष्टमीला सहा. ते गणित मी जसंच्या तसं खेळात घातलं. कोपऱ्यात फक्त तिथी दिसते, वेळ ज्याची त्याने काढायची. उघाडीतून पाणी शिरताना त्याच्याबरोबर येणारी कोलंबी टिपायला बगळे येतात, तेही मी एक एक करून काढले. एका बगळ्याच्या चालीवर माझे गणपती ते दिवाळी गेले.

राहिली होती ती तुडवणी.

आगराचा वाफा आपोआप होत नाही. पावसाळ्यात त्याची माती फुगून सैल पडते. दिवाळीच्या सुमारास बाया-बाप्ये त्या चिखलात उतरून ती पायांनी तुडवतात, इतकी की खाली पाणी झिरपायचं थांबतं आणि तळ घट्ट होतो. तो तळ नीट बसला नाही तर पुढची सगळी मेहनत फुकट, पाणी जमिनीत मुरतं आणि मिठात माती येते. म्हणजे खेळाचा पायाच तो, आणि नेमकं तेच मला जमत नव्हतं. मी तिथे 'तुडवा' असं एक बटण ठेवलं होतं. वीस वेळा दाबलं की एक पट्टी भरायची आणि वाफा तयार. ते खोटं आहे एवढं मला कळत होतं. खरं कसं असतं ते माहीत नव्हतं, कारण आगर गेलं तेव्हा मी शाळकरी होतो आणि मला बांधाच्या खाली कोणी उतरू देत नसे.

ज्याला विचारायचं ते माणूस घरातच होतं. आई. लग्न होऊन या घरात आल्यापासून आगर जाईपर्यंत तिने दर वर्षी वाफे तुडवले. पण आईपाशी आगराचा विषय काढायचा नाही, असा आमच्या घरात कोणी न घातलेला दंडक होता.

आगर आमच्या मालकीचं नव्हतं. आम्ही तिथे राबणारे. मालकाने जमीन दिली, डंपर आले, आणि एका उन्हाळ्यात मातीचा भराव टाकून सगळं सपाट झालं. शेवटच्या राशीतलं टोपलीभर मीठ आईने डोक्यावरून घरी आणलं, बरणीत भरलं, आणि त्या दिवसापासून आगर हा शब्द तिच्या तोंडी आला नाही. पुढे बाबा वारले. त्या भरावावर यार्ड झालं आणि मला तिथेच नोकरी लागली. पेढे घेऊन घरी आलो, तर आई म्हणाली, "सावलीतली नोकरी हाय. चांगला झाला." एवढंच. उन्हात जन्म काढलेल्या बाईने सावलीचं कौतुक केलं, की तिच्या आगरावर खुर्ची टाकून बसलेल्या मुलाला टोमणा मारला, ते मला कळलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही. ते वाक्य वीसेक वर्षं माझ्या मनात कुसासारखं टोचत राहिलं.

खरं सांगायचं तर खेळ मी तिच्यासाठीच करत होतो. तो तिच्यापुढे ठेवायचा आणि सांगायचं, आये, मी विसरलो नाही. पण अर्धवट दाखवला आणि तिने "ह्या काय?" म्हटलं, तर माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. म्हणून पुरा झाल्याशिवाय दाखवायचा नाही. आणि तुडवणी तिला विचारल्याशिवाय पुरा व्हायचा नाही. असा मी आपणच घातलेल्या बांधाच्या आत गोल गोल फिरत होतो.

आमच्या यार्डाचीही एक गंमत सांगतो. भरावाची जमीन असल्यामुळे दर पावसाळ्यानंतर तिथे काही ना काही खचतं. एका वर्षी वजनकाट्याची एक बाजू खाली गेली. एका वर्षी संडासाचं दार लागेना, म्हणून दोन महिने आम्ही आत गाणं म्हणत बसायचो. जमिनीतले ब्लॉक उचलून पुन्हा बसवणारी माणसं आमच्याकडे बारमाही असतात. एक माझी गेटवरची केबिन तेवढी इंचभर हललेली नाही. साहेब म्हणतात, तुम्ही बसून बसून दाबून ठेवलीय. केबिनच्या मागे एक घडीव दगड जमिनीतून वीतभर वर आलेला आहे. तो आमच्या आगराच्या उघाडीचा दगड आहे हे तिथे फक्त मला माहीत होतं, आणि मी ते कोणाला सांगितलं नव्हतं. घरी तर नाहीच नाही.

हौसेने खेळ बनवणाऱ्यांचा एक ऑनलाइन ग्रुप आहे, त्यात मी आहे. अर्धवट खेळ लोकांपुढे ठेवावा की नाही यावरून तिथे सतत जुंपलेली असते. काही म्हणतात, ठेवा, खेळणारेच तुमच्या चुका शोधून देतील. काही म्हणतात, अजिबात नको, फसलेलं बघून गेलेला माणूस सुधारलेलं बघायला परत येत नाही. मी या दुसऱ्या बाजूचा. मी तिथे लांबलचक लिहायचो, कामाबद्दल आदर असावा, लोकांच्या वेळेची किंमत असावी वगैरे. आज ते वाचलं की हसू येतं. त्या सगळ्या आदराखाली नुसती भीती होती.

एका रविवारी दुपारी बायकोने चहा टेबलावर ठेवला आणि माझ्या मागे उभी राहिली. स्क्रीनवर मी पाणी फिरवत होतो.

"अहो, एक विचारू? हा खेळ तुम्हीच करता, तुम्हीच खेळता आणि तुम्हीच जिंकता. याला खेळ नाही म्हणत. याला सवय म्हणतात."

"तुडवणी राहिलीय."

"मग तसं लिहा वर. माझी मुलं निबंध अर्धा सोडतात तेव्हा खाली 'वेळ संपली' असं लिहून देतात. निदान खरं तरी असतं."

"लोक हसतील."

"कुठले लोक? एकाचं नाव सांगा."

मला एक नाव सांगता येईना. कारण जे नाव होतं ते सांगण्यासारखं नव्हतं, ते बाहेर पडवीत बसून लसूण सोलत होतं. मला असा काही राग आला की चहा तसाच ठेवून मी त्या संध्याकाळीच खेळ फुकट खेळांच्या एका साइटवर चढवला. फोनवर चालेल असाही करून दिला. खेळाच्या नावाखाली माझं नाव-गाव टाकलं आणि लिहिलं, 'खेळ अपुरा आहे. तुडवणी बाकी आहे.' मग पाठ टेकली आणि लगेच घाबरलो.

तिसऱ्या दिवशी पहिला अभिप्राय आला. एक तारा. 'यात काहीच होत नाही.' चारच शब्द, पण ते मला फार लागले. मी जेवलो नाही. बायको म्हणाली, बरोबरच आहे, मिठाला वेळ लागतो हे त्याला कोणी सांगितलं नसेल. मला तिची समजूत नको होती.

मग गेटवरचा एक ट्रेलर ड्रायव्हर. लांब उत्तरेकडचा माणूस, महिन्यातून दोन-चार वेळा आमच्याकडे येतो. यार्डाबाहेर रांग लागली की या लोकांना चार-चार तास उभं राहावं लागतं. एकदा तो माझ्या खिडकीशी टेकून कंटाळला होता, तेव्हा मीच त्याच्या फोनवर खेळ टाकून दिला होता, कोणाचा आहे ते न सांगता. पुढच्या खेपेला आला तो खिडकीत डोकं घालूनच.

"साहब, ये सही चीज है. इधर भी खड़े रहना है, उसमें भी खड़े रहना है. लेकिन जिसने बनाया है ना, उसको बोलो, तीसरे खेत में पानी टिकता नहीं है. भाग जाता है."

मी म्हटलं, "तुम्ही काहीतरी चुकत असाल."

"मैं नहीं चूकता," तो म्हणाला. "आज पंचमी है. पौने चार को भरती. बोलो, सही है?"

बरोबर होतं. या माणसाने आयुष्यात मिठागर पाहिलं नव्हतं, त्याच्या गावापासून समुद्र दोन दिवसांच्या रस्त्यावर, आणि तो माझ्या आजाचं गणित मला घडाघडा म्हणून दाखवत होता. त्याच्या हातातल्या चिठ्ठीच्या पाठीवर पेनाने तिथ्या आणि वेळा लिहिलेल्या होत्या. मला गहिवरून आलं, आणि ते दिसू नये म्हणून मी उगाच त्याच्या गाडीचा नंबर पुन्हा विचारला.

घरी जाऊन बघितलं. तिसऱ्या वाफ्याच्या गळतीचा आकडा मी चुकीचा टाकला होता. तीन वर्षांपूर्वी. तीन वर्षं मी रोज खेळत होतो आणि मला ते दिसलं नाही, कारण तिसऱ्या वाफ्यात पाणी थांबवायचं नाही, घाईने पुढे काढायचं, अशी माझ्या हाताला सवय लागून गेली होती. माझ्या चुकीच्या बाजूने वळसा घालून जायला मी इतका शिकलो होतो की ती चूक आहे हेच विसरलो होतो. मी त्या ड्रायव्हरला मनातल्या मनात हात जोडले. 'कामाबद्दल आदर' याच्याइतका त्या ग्रुपमध्ये कोणी दाखवला नव्हता.

तुळशीचं लग्न झालं आणि गावात हळदी सुरू झाल्या. आमच्याकडची हळद म्हणजे अख्खा गाव आणि चार स्पीकर. शेजारच्या आळीतल्या एका हळदीला आई गेली होती. परत आली ती गप्प. मला वाटलं आवाजाने डोकं दुखत असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पडवीत सुपात जवळा निवडत होती. माझी सुट्टी होती. मी समोरून जात होतो, तर वर न बघता म्हणाली, "बाला, इकरं ये."

मी बसलो.

"काल हलदीला बाया मोबाइल घेऊन बसल्या व्हत्या. आगराचा खेळ. मना बोलतान, तुज्या पोरानं केलाय." तिने जवळ्यातली एक काडी काढून बाजूला टाकली. "गावाला दावलंस. मना न्हाय दावलंस."

किती वर्षांनी तिच्या तोंडून तो शब्द ऐकत होतो. आणि ऐकला तो असा. ज्या एका माणसासाठी केलं ते सोडून सगळ्यांनी पाहिलं होतं. मी म्हटलं, "आये, पुरा नव्हता झाला. पुरा करून दाखवणार होतो."

"दाव आता."

मी लॅपटॉप आणला आणि सुपाशेजारी पाटावर ठेवला. तिने हात पदराला पुसले. उघाडी कशी वर करायची ते मी दाखवू लागलो, तर तिने माझा हात बाजूला केला. कोपऱ्यातली तिथी तिने मला वाचायला लावली, ओठ हलवून हिशेब केला, वाट पाहिली, आणि बरोबर वेळेला उघाडी उघडली. पाणी आत आलं. बगळे आले. ती बराच वेळ बघत राहिली.

"बगला बरा काडलास," ती म्हणाली.

मग खेळात मागे जाऊन तिने तुडवणीचं बटण बघितलं. मी सांगितलं, वीस वेळा दाबायचं. तिने दाबलं. पट्टी भरली. वाफा तयार झाला. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी लहानपणी शाळा बुडवून खाडीवर सापडलो होतो त्याची आठवण झाली.

"ईस येला बटन दाबला का वाफा झाला? मंग आमी बाया म्हैनाभर चिखलान काय नाचत व्हतो?"

"म्हणूनच पुरा नाही म्हणतोय ना, आये. काढून टाकतो मी तो तिथून. नीट झाला की मग ठेवीन." आणि मी खरंच काढणार होतो. त्या क्षणी माझी लाज इतकी मोठी होती की सगळं पुसून टाकलं असतं तरी वाईट वाटलं नसतं.

"काडू नको." ती एकदम म्हणाली. "पानी घेतलंस ना? र्‍हाऊ दे आता. कोरडा वाफा सगल्यांचाच चांगला दिसतं. पानी घेतल्याबिगर त्यो कुठं गलतो ता कलत न्हाय. आमी पयला पानी घेवाचो, मंग तुडवाचो, परत पानी, परत तुडवाचो. आदी तुडवून मंग पानी घेतला, असा कुनी केलाच न्हाय."

तीन वर्षं त्या ग्रुपमध्ये मी जे वाद घातले त्यांचा निकाल एका सुपाशेजारी लागला. मला हसू येत होतं आणि रडूही. मी फक्त विचारलं, "तुडवायचं कसं, आये?"

"चिखल आन," ती म्हणाली.

खाडीवरून मी चार घमेली चिकणमाती आणली. अंगणात, नळाच्या बाजूला, विटा लावून चौकोन केला. आईचं वय पंच्याहत्तरच्या पुढे, गुडघे दुखतात, पायऱ्या उतरताना ती भिंत धरते. त्या चौकोनात तिने पाऊल ठेवलं आणि मला एक वेगळीच बाई दिसली. पाठ ताठ. बोटं पसरलेली, ती पसरट बोटं मी जन्मभर बघत आलो होतो आणि ती अशी का आहेत हे मला कधी सुचलं नव्हतं. ती म्हणाली, एकटीने तुडवायचं नसतं. रांग लागते. मग एका बाजूला मी आणि एका बाजूला बायको, शाळेची साडी वर खोचून, एकमेकांच्या कमरेला हात घालून उभे राहिलो. टाच आधी, मग चवडा, मग जरा पिळायचा, मग अर्धं पाऊल बाजूला. ऐकायला सोपं आहे. मी पहिल्या फेरीतच बायकोच्या पायावर पाय दिला.

"कमरेन जीव घाल," आई ओरडली. "खुर्चीवर बसून बसून मऊ झायलंस."

बायकोला मात्र ते लगेच जमलं. आई तिला म्हणाली, तू आगरात असतीस तर मी तुला माझ्या शेजारी घेतली असती. शाळेतल्या आदर्श शिक्षिकेचा मान मिळाल्यावर तिचा चेहरा इतका फुलला नव्हता.

रोज संध्याकाळी अर्धा तास असं चाललं. पाणी घालायचं, तुडवायचं, ठेवायचं. दुसऱ्या दिवशी मी विचारलं, झालं का? आईने तांब्याभर पाणी ओतायला सांगितलं. एका विटेखालून ते हळूच बाहेर आलं. "बघ," ती म्हणाली, आणि तिथेच पाय दाबला. तिसऱ्या दिवशी मी विचारलं, किती वेळा तुडवायचं असतं एकूण? ती म्हणाली, मोजायचं नसतं, ऐकायचं. मला कळलं नाही. चौथ्या दिवशी कळलं. तोवर पाय उचलला की चिखलातून पचक असा ओला आवाज यायचा. त्या दिवशी मधेच कधीतरी तो बदलला. थप, थप, असा कोरडा, भरीव आवाज. आम्ही तिघंही एकदम थांबलो. आईने डोळे मिटले होते.

"बसला," ती म्हणाली.

मी बटण काढून टाकलं. पट्टीही काढली. आता खेळात तुडवताना काहीच दिसत नाही, फक्त आवाज येतो, आणि तो बदलला की आपण थांबायचं. लवकर थांबलात तर पाणी गळतं आणि कुठे गळतंय ते दिसतं. मग परत तुडवायचं. तो आवाज आईच्या पायांचा आहे, मी फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून विटेवर ठेवला होता. मधेच एकदा बायकोच्या चांदीच्या जोडव्याचा बारीक आवाज आलाय, तो मी तसाच ठेवला.

नवीन भाग घातल्यावर आईला परत बसवली. तिने तुडवलं, कान देऊन, योग्य जागी थांबली. मग तिने विचारलं, "यो आगर आपलाच काडलास ना? उघाडी, बांध, सगला तसाच हाय."

"तसाच आहे."

"मंग तू बसतस कुठं? तुजी केबिन?"

मी वीस वर्षं ज्या प्रश्नाला घाबरत होतो तो हाच. उघाडीला लागून असलेल्या वाफ्यावर मी बोट ठेवलं. "इथे, आये. उघाडीचा दगड अजून आहे. त्याच्या पुढ्यात." आणि मग एकदा बोलायला लागल्यावर थांबवेना म्हणून सगळंच सांगितलं, की यार्ड चहूकडून खचतं, काटा खचला, संडास खचला, पण ही एक केबिन हलत नाही, कोणाला त्याचं कारण कळत नाही.

आई हसली. तोंडाला पदर लावून, लहान पोरीसारखी हसली.

"कशी हालंल? यो वाफा माजा. लग्न करून आलू त्या वर्साला तुज्या बापाशेजारी हुबी र्‍हाऊन पयला तुडवला तो यो. दर वर्साला मीच तुडवाची, दुसरी कोनाला देवाची न्हाय." तिने स्क्रीनवरच्या त्या वाफ्यावर तळवा ठेवला. "म्हनून तुना ती नोकरी लागली तवा मी बोल्लू, चांगला झाला. पोरगा सावलीत बसलाय आनि माज्याच वाफ्यावर बसलाय. परक्याच्या जाग्यावर थोराच बसलाय?"

तिला माहीत होतं. केबिन कुठे आहे, दगड कुठे आहे, तिला पहिल्या दिवसापासून सगळं माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिफ्टला गेलो. पहिला ट्रेलर यायला अवकाश होता. मी केबिनचं दार लोटलं, बूट काढले, मोजे काढले, आणि उघडे पाय फरशीवर टेकून बसलो.